देशी वाणांचे जतन : बियांतून आणि फांदीतून

नाशिक जिल्ह्यात कांद्याचे बी दरवर्षी पेरले जाते. द्राक्षाचे बी मात्र कोणीही पेरत नाही. कांद्याचा वाण बियांतून पुढे जातो, द्राक्षाचा फांदीतून. गावोगावी देशी वाण जतन करण्याचे जे सामुदायिक प्रयत्न होतात, त्यांत हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. बीजपेढी म्हटले, की डोळ्यांपुढे बरण्या, मडकी आणि त्यांवरील चिठ्ठ्या येतात. परंतु काही वाण बरणीत राहतातच असे नाही, आणि काही वाण बरणीत असूनही हातचे निघून जातात. चिठ्ठीवर नाव जुनेच असते, आत मात्र दुसरेच काही उरलेले असते.

नाशिकच्या दक्षिणेस अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे हे आदिवासी गाव आहे. शाळेची पायरीही न चढलेल्या राहीबाई पोपेरे यांनी येथे घरातील बियांपासून प्रारंभ करून वाल, घेवडा, भात, भाजीपाला यांचे स्थानिक वाण गोळा केले. ‘बायफ’ या संस्थेच्या साहाय्याने त्या कामाला बीजपेढीचे रूप आले. २०१८ मध्ये ‘बीबीसी’ने जगातील शंभर प्रेरणादायी स्त्रियांच्या यादीत त्यांचा समावेश केला आणि २०२० मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली. सन्मानांचा गाजावाजा पुष्कळ झाला. त्यामागील दरवर्षीच्या पेरणीकडे तुलनेने कमी लक्ष गेले. बी टिकते ते साठवणुकीने नव्हे, तर वेळेवर पुन्हा पेरल्याने. साठवणूक ही दोन पेरण्यांमधील विश्रांती होय.

बियांचा स्वभाव

भात, गहू, नागली, हरभरा ही प्रामुख्याने स्वपरागीभवन होणारी पिके आहेत. त्यांचे दोन वाण थोडे अंतर राखून लावले, मळणी वेगवेगळी केली आणि वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या वेळीच काढून टाकल्या, तर वाण शुद्ध राहतो. वाल-घेवड्यात मधमाश्यांमुळे थोडाफार संकर होतो, म्हणून त्यांचे वेल शक्यतो वेगवेगळ्या बांधांवर चढवावेत. बाजरी, मका, भोपळा, काकडी आणि कांदा यांची गोष्ट निराळी. त्यांचा पराग वाऱ्याने किंवा कीटकांनी दूरवर जातो. लाल भोपळ्याच्या बाबतीत एक सोपा उपाय आहे. आदल्या सायंकाळी दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या नर व मादी कळ्या दोऱ्याने बांधाव्यात, पहाटे हाताने परागीभवन करावे आणि मादी फूल पुन्हा बांधून त्यास खूण करावी. बी त्याच फळाचे धरावे.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात भात आणि नागलीची रोपे राबावर तयार करून आवणी करण्याची पद्धत जुनी आहे. शेण व पालापाचोळा पसरून जमीन भाजली, की तणांचे बी आणि काही किडी नष्ट होतात. गवत कमी उगवल्याने रोपे स्वच्छ मिळतात. जतनाच्या दृष्टीने या राबात एक धोका असतो. गेल्या वर्षीच्या मळणीत सांडलेले बी त्याच जागी उगवले, तर नव्या वाणात जुना मिसळतो. म्हणून जतनाच्या वाणासाठी राबाची जागा बदलावी आणि प्रत्येक वाणाच्या वाफ्याला स्वतंत्र बांध घालावा.

कांद्याचे उळे

नाशिकच्या कांदापट्ट्यात आजही अनेक शेतकरी घरचेच बी धरतात. निफाड आणि पिंपळगाव बसवंत येथील संशोधन केंद्रांनी एन-५३, एन-२-४-१, बसवंत-७८० असे वाण दिले. तरीही स्वतःच्या चाळीत टिकलेल्या कांद्यावर शेतकऱ्याचा विश्वास अधिक, आणि तो निराधार नाही. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये काढून चाळीत भरला, की पावसाळाभर त्याची परीक्षाच होत असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत जो सडत नाही, अवेळी कोंब धरत नाही, ज्याचा रंग आणि आकार वाणाला साजेसा असतो आणि मान बारीक असते, तोच बियाण्यासाठी लावायचा. जोड कांदा आणि डेंगळा आलेला कांदा कटाक्षाने टाळावा. त्यांचे बी धरले, तर पुढच्या पिकात तोच दोष वाढतो.

लागवडीनंतर फुलांचे गोंडे येतात, मधमाश्या त्यांवर काम करतात आणि उन्हाळ्याच्या प्रारंभी गोंड्यांत काळे बी दिसू लागताच ते टप्प्याटप्प्याने काढले जातात. पेरणीपासून बी हाती येईपर्यंत दीड वर्षाचा काळ जातो. प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १,००० मीटर अंतर सांगितलेले आहे. एका शेतकऱ्याच्या शिवारात हे अंतर क्वचितच मिळते. येथेच सामुदायिक जतनाचे खरे प्रयोजन आहे. शिवारातील सर्वांनी मिळून यंदा कोणत्या वाणाचे गोंडे कोणत्या अंगाला ठेवायचे हे ठरविले, तरच वाण शुद्ध राहतो. अन्यथा शेजाऱ्याची मधमाशी कोणाचे ऐकत नाही.

दुसरी चूक संख्येची. पाच-सहा उत्तम कांदे निवडून त्यांचेच बी धरण्याचा मोह होतो. परपरागीभवन होणाऱ्या पिकात इतक्या थोड्या झाडांवर वाण पेलला, तर दोन-तीन पिढ्यांत जोम घटतो, बी कमी भरते. किमान शंभर-दोनशे कांदे लावून सर्वांचे बी एकत्र करावे. तिसरी अडचण कांद्याच्या बियांच्या अल्पायुष्याची. घरच्या तापमानात त्यांची उगवणक्षमता वर्षभरातच झपाट्याने उतरते. वाल-घेवडा काही वर्षे वाट पाहू शकतो, कांदा पाहत नाही.

म्हणून उळे टाकण्यापूर्वी उगवण तपासणे अनिवार्य आहे. १०० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात आणि कोंब मोजावेत. सत्तरच्या खाली आकडा आला, तर त्या वर्षी तो वाण विश्रांती घेऊ शकत नाही. आहे तेवढे बी लगेच वाढवून घ्यावे. वाफा गादीचा असावा, एक मीटर रुंद आणि वीतभर उंच, जेणेकरून पाणी साचून रोपे कोलमडणार नाहीत. बियांना ट्रायकोडर्माची प्रक्रिया केल्यास मर रोगाला आळा बसतो. सहा ते आठ आठवड्यांत रोप लागवडीस येते.

साठवणुकीत ओलावा हा मुख्य शत्रू. बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी झाला, तर आयुष्य साधारण दुप्पट होते, हे सूत्र बीजशास्त्रात रूढ आहे. राख, निंबाचा पाला, शेणाने सारवलेल्या कणग्या या जुन्या रीतींचा बराचसा भर ओलावा आणि कीड दूर ठेवण्यावरच होता.

फांदीचा मार्ग

आंबा-फणसाचे बी वाळविले, की मरते. ते बरणीत ठेवताच येत नाही. शिवाय आंब्याची कोय लावली, तरी मूळ झाडासारखेच फळ मिळेल याची खात्री नसते. थॉम्पसन सीडलेस द्राक्षात तर रुजण्याजोगे बीच नसते. अशा वाणांचे जतन म्हणजे जिवंत झाड राखणे. तासगाव परिसरातील ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नजची ‘सोनाका’ या जाती थॉम्पसनच्या बागेत आढळलेल्या वेगळ्या फांद्यांतून शेतकऱ्यांनीच निवडल्या. ती फांदी त्या छाटणीत निघून गेली असती, तर जातही गेली असती.

द्राक्षाच्या छाट कलमासाठी पक्व, पेन्सिलीच्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची काडी घेतात. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली द्यावा आणि काडी उलटी लागू नये म्हणून वरचा काप तिरका ठेवावा. नाशिकमध्ये बहुतांश बागा डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करून उभ्या केल्या जातात, कारण तो क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो. डाळिंबात गुटी कलमाची पद्धत आहे. पावसाळ्यात फांदीची सुमारे दोन सेंटिमीटर साल गोलाकार काढून तेथे ओले शेवाळ प्लॅस्टिकने बांधले, की महिना-दीड महिन्यात मुळ्या फुटतात.

कलम मातृवृक्षाचे गुण घेते, तसे त्याचे रोगही घेते. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्याने हे तेल्या रोगात अनुभवले. या जिवाणूजन्य रोगाने डाळिंबाच्या बागाच्या बागा काढाव्या लागल्या, आणि त्याच्या प्रसाराचा एक मार्ग रोगट बागेतून घेतलेली गुटी हाही होता. बियांतून वाढलेल्या झाडांत विविधता असते, काही तग धरतात; कलमांच्या बागेत सारी झाडे एकाच शरीराची असतात. म्हणून मातृवृक्ष दोन बहर तरी निरीक्षणाखाली ठेवावा, कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी आणि नवी कलमे वेगळ्या जागी काही महिने थांबवूनच बागेत न्यावीत. एका वाणाची दोन-तीन झाडे निरनिराळ्या गावांत असणे केव्हाही हितावह.

हक्क आणि नोंद

वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये शेतकऱ्याला बी राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि विकण्याचा हक्क आहे. मात्र संरक्षित वाणाचे बी नाममुद्रा लावून विकता येत नाही. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने बटाट्याच्या एका वाणावरून गुजरातेतील शेतकऱ्यांवर दावे लावले होते. तीव्र विरोधानंतर ते त्याच वर्षी मागे घेतले गेले. शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी करण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये जनुक कोश प्रकल्पास मान्यता दिली.

नोंद नसलेल्या वाणावर हक्क सांगणे कठीण जाते. वहीत वाणाचे स्थानिक नाव, कोणत्या गावातून व कोणत्या वर्षी आले, किती झाडांपासून बी धरले, उगवण किती आणि शेवटची पेरणी केव्हा एवढे तरी असावे. कलमांच्या बाबतीत मातृवृक्ष कोणाच्या बांधावर आहे हेही लिहावे.

नेलेल्या बियांच्या दुप्पट परत करण्याचा शिरस्ता अनेक बीजपेढ्यांत आहे. परत आलेले बी मात्र लगेच जुन्या बरणीत ओतू नये. ते कोणाच्या शेतात, कोणत्या वाणाच्या शेजारी पिकले याची चौकशी करून, थोडे पेरून पाहून, मगच एकत्र करावे.