सागरपातळीतील प्राचीन बदल व उष्ण कटिबंधीय वनश्री

सागरजलाच्या पृष्ठाची जमिनीच्या सापेक्ष असलेली पातळी भूवैज्ञानिक काळात वारंवार बदलत आलेली आहे. हे बदल दोन प्रकारचे असतात : (१) हिमस्तरांत पाणी साठल्याने वा ते वितळल्याने सर्व महासागरांत एकाच वेळी होणारे आणि (२) भूकवचाचा एखादा भाग उचलला गेल्याने वा खचल्याने होणारे स्थानिक बदल. प्रत्यक्ष पुराव्यात हे दोन्ही बहुधा मिसळलेले असतात.

अंतिम हिमयुगाच्या ऐन भरात, सु. २०,००० वर्षांपूर्वी, सागरपातळी आजच्यापेक्षा सु. १२० मी. खाली होती. त्यामुळे सुमात्रा, जावा व बोर्निओ ही बेटे मलाया द्वीपकल्पाशी जोडली गेली. उथळ, उबदार समुद्राच्या जागी जमीन आल्याने बाष्पीभवन घटले आणि तेथील काही भागांत वर्षावनांऐवजी कोरडी व गवताळ वनश्री पसरली बोर्निओसारख्या ठिकाणी मात्र वर्षावने टिकून राहिली. याच काळात भारतावरील नैर्ऋत्य मॉन्सूनही क्षीण झाला होता. मुंबईसमोरील समुद्रबूड जमीन रुंद व उथळ असल्याने तिचा मोठा भाग उघडा पडला होता. पुढे हिम वितळून समुद्र चढत गेला व सु. ६,००० ते ७,००० वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ आला. खाड्यांची मुखे पाण्याखाली गेली व तेथील चिखलावर कच्छ वनश्रीस (खारफुटीस) जागा मिळाली.

मुंबई बेटावर याचा लक्षणीय पुरावा मिळाला. १८७८ च्या सुमारास प्रिन्सेस गोदीचे खोदकाम चालू असता सागरी चिखलाखाली खैराच्या शेकडो झाडांचे अवशेष सापडले. त्यांपैकी कित्येक बुंधे मुळांसह जागच्या जागी उभे होते. खैर हा कोरड्या पानझडी वनातील वृक्ष असून तो खाऱ्या पाण्यात वाढत नाही. अर्थात तेथे एके काळी जमीन होती. मात्र हे वन केवळ समुद्र चढल्याने बुडाले नसून जमीनही खचली असावी, असेही मत मांडले गेले आहे.

याहून कितीतरी जुना पुरावा दक्षिण ट्रॅपच्या लाव्हाथरांमधील अंतरा-ट्रॅपी थरांत आहे. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे निपा या खाडीकाठच्या ताडकुलीन वनस्पतीची शिळारूप फळे मिळाली आहेत. निपा आज सुंदरबनात आढळते. त्याच जिल्ह्यातील झिलमिली येथील थरांत सागरी फोरॅमिनीफेरांचे जीवाश्म २००९ मध्ये नोंदले गेले. यावरून सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा फाटा मध्य भारतात शिरला असावा, असे अनुमान काढतात.

समुद्रापासून सु. ४०० किमी. दूर असलेल्या वाशिम जिल्ह्यातील केनवडच्या (ता. रिसोड) परिसरात किनाऱ्याच्या खुणा शोधणे व्यर्थ होय. तेथील भूमी बेसाल्टाची असून शेती मुख्यत्वे मॉन्सूनवर अवलंबून आहे. या प्रदेशाच्या हवामानाचा इतिहास शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळात साठलेला आहे [⟶ लोणार सरोवर]. सु. १·८ किमी. व्यासाच्या या उल्काविवरातून पाणी बाहेर वाहून जात नाही त्यामुळे पावसातील चढउतार गाळात उमटतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सु. १० मी. लांबीच्या गाळस्तंभावरून गेल्या सु. ११,००० वर्षांचा आढावा घेण्यात आला. हिमयुगानंतर, समुद्र चढत असता, येथे पाऊसमान चांगले होते. पुढे मात्र सु. ४,६०० ते ३,९०० आणि सु. २,००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या थरांत गेलुसाइट या कार्बोनेटी खनिजाचे स्फटिक आढळतात. पाणी आटून त्याची क्षारता खूप वाढल्यावरच ते बनतात. म्हणून हे दीर्घ अवर्षणाचे काळ मानले जातात. त्यांचा संबंध हिंदी व पॅसिफिक महासागरांतील उबदार जलक्षेत्राच्या तापमानाशी जोडण्यात आला आहे.

या दोन्ही अवर्षणकाळी समुद्र जवळजवळ आजच्याच पातळीवर होता. म्हणजे सागरपातळी व मॉन्सून हिमयुगीन चक्रात बरोबरीने बदलले, तरी समुद्र स्थिरावल्याने मॉन्सून स्थिरावला नाही. एका पुराव्यावरून दुसऱ्याचे अनुमान करताना ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. कोरडवाहू विदर्भाच्या दृष्टीने तर किनाऱ्याच्या स्थलांतरापेक्षा शतकानुशतके टिकणाऱ्या अवर्षणाची ही नोंद अधिक महत्त्वाची आहे.