लेकींचे दागिने आणि सुभेदारांची पेन्शन



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी? तर लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी. लगेच कुजबुज सुरू झाली. शेळी घेतली तर करडं होतील, शिलाई मशीन घेतलं तर चार पैसे सुटतील, पण फीचे पैसे परत कधी यायचे? तेव्हा मला एका बापाची आठवण झाली. आज त्यांच्याविषयीच बोलू या.

ते म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्यांचे वडील लष्करात होते. रामजीही लष्करात गेले आणि तिथल्या शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे जन्मलेले भीमराव हे रामजी आणि भीमाबाईंचं चौदावं अपत्य.

पेन्शन लागल्यावर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. साताऱ्यात भीमाबाई वारल्या. भीम तेव्हा अगदी लहान होता. मुलांना मायेनं सांभाळलं ते रामजींच्या बहिणीनं, मीराबाई आत्यानं. पेन्शनवर भागेना, म्हणून रामजींनी पुन्हा नोकरी धरली. खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तिथे ते रोखपाल होते. म्हणजे मुलं साताऱ्यात आणि बाप कामावर. आपल्याकडच्या किती घरांत आजही हेच चालतं!

रामजी कबीरपंथी होते. संध्याकाळी घरात भजन आणि पोथीवाचन व्हायचं. मुलांकडून ते रामायण-महाभारत वाचून घ्यायचे आणि ऐकायला लेकीही येऊन बसायच्या. भीमानं एकदा विचारलं, हे आपण का वाचायचं? वडिलांनी समजावलं, आपल्याला लोक अस्पृश्य म्हणतात, त्यानं मनात कमीपणा बसतो, तो निघून जावा म्हणून. द्रोण आणि कर्णही साध्या घरचेच होते, पण किती वर गेले बघ, असं ते सांगायचे.

पुढे मुलांच्या शिक्षणासाठी रामजी मुंबईला आले. परळला डबक चाळीत एकच खोली. स्वयंपाक तिथेच, सरपण तिथेच, जातं तिथेच, शेळीही तिथेच. अभ्यासाला जागा कुठली? मग रामजींनी तोड काढली. भीमानं लवकर झोपायचं आणि बापानं जागं राहायचं. रात्री दोन वाजता ते पोराला उठवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे.

भीमाला पुस्तकांचं भारी वेड. पुस्तक हवं म्हटलं की रामजी निघायचे लेकींकडे. मंजुळा आणि तुळसा लग्न होऊन आपापल्या घरी नांदत होत्या. एकीकडे पैसे नसले तर ते दुसरीकडे जायचे. तिच्याकडेही नसले तर ती अंगावरचा दागिना काढून द्यायची. रामजी तो सावकाराकडे गहाण ठेवून पुस्तक आणायचे. आणि पेन्शन हातात पडली की आधी दागिना सोडवून लेकीला परत करायचे.

मैत्रिणींनो, लेकीकडे हात पसरायला बापाला सोपं गेलं असेल का? पण त्यांनी ते केलं आणि दिलेला शब्द पाळला. रामजींचं सगळंच भीमाला पटायचं असं नाही. त्यांनी दुसरं लग्न केलं, ते पोराला रुचलं नव्हतं. तरी वडिलांचे कष्ट तो विसरला नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले आणि पुढे बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी डोळे मिटले. त्याच वर्षी जुलैत मुलगा अमेरिकेला शिकायला गेला, ते बघायला बाप राहिला नव्हता. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरचा आपला मोठा ग्रंथ १९२३ साली आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला.

मंजुळा-तुळसांचे दागिने किती वेळा गहाण पडले आणि किती वेळा सुटले, याची नोंद कुठल्याच वहीत नाही. आपल्या गटाच्या वहीत मात्र प्रत्येक बाईचा रुपया नावासकट लिहिलेला असतो. ही मोठी गोष्ट आहे.

त्या दिवशी बैठकीत मी एवढंच सांगितलं. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग शेळीसाठी कर्ज मागणाऱ्या आमच्या एका काकू म्हणाल्या, "माझा नंबर पुढच्या महिन्यात धरा. आधी पोरीची फी भरू द्या."

ठराव झाला, सगळ्यांच्या सह्या झाल्या. पहिला हप्ता याच महिन्यात जमा झाला. तुमच्या गटात अशी मागणी आली तर सुभेदारांची ही गोष्ट जरूर सांगा.