काळी, पांढरी आणि नगरी

मराठी ग्रामजीवनात भूमीला दोन नावे आहेत. पिकाची ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मातीच्या भिंती आणि चुलीतील राख साचून गावाखालची जमीन पांढुरकी होते. काळीच्या आधाराने पांढरी कशी वसली आणि पांढरीतून नगरी कशी वाढली, हाच संस्कृतीच्या उगमाचा इतिहास होय.

हा प्रवास संथ होता. बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे इ. स. पू. ७००० च्या सुमारास शेती सुरू झाली. सिंधुकाठी मोहेंजोदडो उभे राहिले ते इ. स. पू. २५०० च्या सुमारास. प्रत्येक गावाच्या भाग्यात नगर होणे नव्हते. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या शेतकऱ्यांनी कालवा खोदला, धान्याचे कोठार बांधले, तरीही इ. स. पू. ७०० च्या सुमारास ते गाव ओस पडले.

त्याच सुमारास विदर्भात लोखंड गाळले जात होते. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे त्याची भट्टी सापडली आहे. आपल्या जिल्ह्यातील खैरवाड्याची शिळावर्तुळेही लोहयुगातील आहेत. लोखंडी कुऱ्हाडीने रान तोडणे सुकर झाले.

धाम नदीकाठी पवनारची पांढरी याच लोकांच्या मागोमाग वाढली. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी तेथे उत्खनन केले. जैन मुनिसंघाच्या इतिहासावरील ग्रंथाचे कर्ते ते हेच डॉ. देव. सातवाहन व वाकाटक काळातील वस्तीचे थर तेथे एकावर एक आढळले. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे प्रतिपादिले. पुढे काही संशोधकांनी तो मान मनसरला दिला.

पाचव्या शतकातील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट हिंगणघाटजवळील जांब येथे मिळाला. दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा त्यात नोंदल्या आहेत. गाव आता लेखात आले होते, राज्याच्या हिशेबात आले होते.

भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य व शिल्प ही षट्कर्मे शिकविली, असे जैन परंपरा सांगते. नगरीला नुसती कृषी पुरत नाही, मसि आणि वाणिज्यही लागते, हे त्या क्रमात सूचित आहे.

आज शेतातील शिळा बाजूला सारल्या जातात, पांढरीची माती खणून नेली जाते. एकदा विस्कटलेला थर पुन्हा लावता येत नाही. आपल्या गावची पांढरी जपणे म्हणजे पूर्वजांची न वाचलेली वही जपणे होय.