चकतीचा वारसा आणि चिप : सॉलिड स्टेट ड्राइव्हच्या इंटरफेसचा इतिहास (१९८६ ते २०२१)

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाचा इतिहास हा बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्रांना परस्परांशी जोडणाऱ्या मानकांचा इतिहास मात्र उपेक्षित राहतो. संगणकाचा प्रोसेसर आणि माहिती साठविणारे साधन यांच्यातील इंटरफेस म्हणजे केवळ केबल व पिना नव्हेत. आज्ञा कोणत्या स्वरूपात द्यावी आणि एका वेळी किती आज्ञा स्वीकाराव्यात, याविषयीचा तो एक करार असतो. जुन्या साधनासाठी झालेला असा करार नव्या साधनावर दीर्घकाळ कसे बंधन घालतो, याचा सॉलिड स्टेट ड्राइव्हच्या संदर्भात घेतलेला आढावा म्हणजे प्रस्तुत निबंध होय.

चकतीच्या मापाने झालेला करार :

इ.स. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने ५० चकत्यांचे 'रॅमॅक' हे साधन बाजारात आणले. फिरती चकती व तिच्यावर सरकणारे हेड ही रचना तेव्हापासून रूढ झाली. इ.स. १९८६ मध्ये 'स्कझी' या इंटरफेसला अमेरिकेत राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास वैयक्तिक संगणकांसाठी 'आयडीई' हा इंटरफेस पुढे आला आणि १९९४ मध्ये 'एटीए' या नावाने प्रमाणित झाला. या इंटरफेसच्या आरंभीच्या आज्ञांत माहितीचा पत्ता सिलिंडर, हेड व सेक्टर अशा तीन अंकांनी दर्शविला जाई. अर्थात चकतीची शरीररचनाच त्या करारात उतरली होती.

चिपने घेतलेला चकतीचा वेष :

तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरीची संकल्पना जाहीर केली. १९८७ मध्ये तिचा 'नँड' हा प्रकार मांडला गेला. या मेमरीत ना चकती असते ना हेड. तथापि प्रचलित संगणकांत तिला प्रवेश मिळवायचा तर हार्ड डिस्कचीच भाषा बोलणे भाग होते. १९९१ मध्ये सनडिस्क कंपनीने हार्ड डिस्कच्या जागी बसणारी २० मेगाबाइट क्षमतेची ड्राइव्ह आणली. १९९४ चे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डही एटीएशी सुसंगत होते आणि नसलेल्या सिलिंडर-हेडांची संख्या संगणकास कळवीत असे.

या वेषांतराची किंमत लवकरच दिसून आली. चकतीवर जुन्या मजकुराच्या जागी नवा मजकूर थेट लिहिता येतो. फ्लॅशमध्ये मात्र आधी संपूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. फाइल काढून टाकल्यावर कोणती जागा रिकामी झाली, हे ड्राइव्हला सांगण्याची सोयच जुन्या करारात नव्हती. त्यासाठी 'ट्रिम' ही आज्ञा नव्याने जोडावी लागली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये तिचा अंतर्भाव झाला.

वेगाची कोंडी :

इ.स. २००३ मध्ये आलेल्या 'सॅटा' इंटरफेसचा वेग सेकंदाला १.५ गिगाबिट होता. २००९ पर्यंत तो ६ गिगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ६०० मेगाबाइट झाला. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीस अर्ध्या फेऱ्यासाठीच ४ मिलिसेकंदांहून अधिक काळ लागतो. त्यामुळे तिला हा वेग पुरून उरत होता. फ्लॅशच्या अनेक चिप एकाच वेळी काम करू शकत असल्याने तिला मात्र तो अपुरा पडू लागला. शिवाय सॅटासोबतच्या 'एएचसीआय' या २००४ च्या आज्ञाव्यवस्थेत ३२ आज्ञांची एकच रांग होती. एका हेडच्या हालचालीस ती पुरेशी होती. अनेक चिपांना नव्हती.

जुन्या कराराशी फारकत :

फ्युजन-आयओसारख्या कंपन्यांनी २००७ च्या सुमारास ड्राइव्ह थेट पीसीआय एक्स्प्रेस मार्गावर जोडली. परंतु समान मानकाअभावी प्रत्येक कंपनीचा ड्रायव्हर वेगळा असे. ही उणीव मार्च २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एनव्हीएमई' मानकाने दूर केली. त्यात सुमारे ६४ हजार रांगा आणि प्रत्येक रांगेत सुमारे ६४ हजार आज्ञा यांची तरतूद करण्यात आली. त्यामुळे प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला स्वतंत्र रांग मिळणे शक्य झाले. याउलट सॅटा व पीसीआय एक्स्प्रेस यांचा मेळ घालू पाहणारा २०१३ चा 'सॅटा एक्स्प्रेस' हा इंटरफेस बाजारात रुजला नाही.

निष्कर्ष :

सुसंगतता हा केवळ अडसर होता, असे म्हणणे एकांगी ठरेल. जुन्या कराराच्या आश्रयाविना फ्लॅशला ग्राहकच मिळाला नसता. आजही जुन्या संगणकात सॅटा ड्राइव्ह बसवून त्याचे आयुष्य वाढविता येते, हे त्याच सुसंगततेचे फळ होय. मात्र ज्या आश्रयाने नवे साधन रुजते, तोच पुढे त्याच्या वाढीची मर्यादा ठरतो. तो सोडण्याची वेळ ओळखणे हा मानकांच्या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. जून २०२१ मधील एनव्हीएमई २.० मध्ये फिरत्या हार्ड डिस्कसाठीही तरतूद करण्यात आली. एकेकाळी चिपला चकतीची भाषा शिकावी लागली होती. आता चकतीला चिपची भाषा शिकण्याची मुभा मिळाली आहे. वारशाची दिशा अशा रीतीने पालटली.