मार्सेलाचे प्रश्न

बायबल स्वतः उघडून त्याचा अर्थ आपला आपण लावायचा ही रीत सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने सुरू केली, असे सर्रास सांगितले जाते. लूथरने आणि छापखान्याने ही रीत घरोघर नेली, हे खरेच. पण तिचा आरंभ त्यांच्याकडे जात नाही. अकराशेहून अधिक वर्षे आधी रोमच्या अव्हेन्टाइन टेकडीवर मार्सेला नावाची एक विधवा हेच करत होती आणि त्याचा भक्कम पुरावा आपल्या हाती आहे.

संत जेरोम ३८२ ते ३८५ या काळात रोममध्ये होता. पोप दमासस याच्या सांगण्यावरून तो शुभवर्तमानांचे जुने लॅटिन भाषांतर ग्रीकशी ताडून दुरुस्त करत होता. मार्सेलाने त्याला गाठले आणि प्रश्नांनी भंडावून सोडले. तिचे एकही पत्र आज उरलेले नाही. जेरोमची उत्तरे मात्र उरली आहेत आणि त्यांवरून तिचे प्रश्न कळतात. हिब्रूत देवाची नावे किती, याजकाचे एफोद म्हणजे नेमके काय, अशा शंका त्यांत आहेत. जेरोम बेथलेहेमला गेल्यावरही हे थांबले नाही. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू मरीया मग्दालियेला शिवू देत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात स्त्रिया त्याचे पाय धरतात. मग खरे कोणते, असे तिने पत्रातून विचारले. चर्चमध्ये एका दिवशी एक उतारा ऐकणाऱ्याच्या हे सहसा ध्यानात येणार नाही. अध्याय-वचनांचे आजचे आकडे नसलेल्या हस्तलिखितांत दोन्ही प्रसंग शोधून शेजारी ठेवणाऱ्यालाच ते दिसते.

यावर कोणी म्हणेल, प्रश्न विचारणे म्हणजे अर्थ लावणे नव्हे. ती शेवटी जेरोमची शिष्याच. पण तिच्या मृत्यूनंतर जेरोमनेच लिहून ठेवले आहे, की आपले उत्तर ती तसेच कधी स्वीकारत नसे, उलटून तपासत असे. तो रोम सोडून गेल्यावर शास्त्रार्थाचा वाद पडला की लोक, प्रसंगी धर्मगुरूसुद्धा, तिच्याकडे येत. पौलाच्या नावावरील पत्रात स्त्रीने शिकवायला मनाई आहे, म्हणून ती स्वतःचे मतही जेरोमचे किंवा आणखी कोणाचे म्हणून सांगे. तिची काही मते अशीच पुरुषांच्या नावावर जमा झाली असणार, हे मला फार बोचते.

मृत्यूनंतरच्या स्तुतीत अतिशयोक्ती असतेच, हा दुसरा आक्षेप. असते, पण ती सहसा त्याग, उपास, दानधर्म यांच्या वर्णनात येते. आपल्याच उत्तरांची झडती घेणारी बाई जेरोमसारखा तापट माणूस कशाला कल्पनेने रचेल? शिवाय रोममधली त्याची उत्तरे ३८४ च्या सुमाराची, म्हणजे या स्तुतीच्या पाव शतकाहून अधिक आधीची आहेत. तिसरा आक्षेप मात्र मान्यच करावा लागतो: हा अभ्यास पैसा, फुरसत आणि नोकरचाकर असलेल्यांनाच परवडत होता. हस्तलिखिते महाग होती आणि रोममधल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते.

४१० मध्ये गॉथांनी रोम लुटले, तेव्हा सैनिकांनी म्हाताऱ्या मार्सेलालाही मारहाण केली. त्यानंतर लवकरच ती वारली. ग्रंथांतून तिचा उल्लेख बहुधा जेरोमची शिष्या एवढाच येतो. तिला बायबलची अभ्यासक म्हणावे, इतका पुरावा त्याच्याच पत्रांत आहे.