बिजागरीचा गुडघा

जुन्नरचा इतिहास लिहिणारे शिलालेख पाहतात, बखरी चाळतात. मला मात्र पुष्कळदा वाटते की, या मुलखाचा निम्मा इतिहास माणसांच्या गुडघ्यांनी घडविला आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातला माल नाणेघाट चढून वर येई, तो माणसांच्या व जनावरांच्या पायांवर. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाचे दर्शन घ्यावयाचे तर आजही तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. शिवनेरीला सात दरवाजे ओलांडावे लागतात. आंबेगावच्या पश्चिम अंगाला भाताच्या आवणीत बायका दिवसभर चिखलात वाकून असतात, आणि घरी आल्यावर चुलीपुढे उकिडव्या बसतात. अशा मुलखात गुडघा गेला म्हणजे संसाराचा आधारच गेला. म्हणून गेलेल्या गुडघ्याच्या जागी दुसरा बसविण्याच्या खटपटीचा इतिहास, तो दूरदेशी घडला असला तरी, आपल्याही जिव्हाळ्याचा आहे.

ही खटपट सुरू झाली ती बिजागरीपासून. १८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यविशारदाने क्षयाने कुजलेला गुडघा काढून त्या जागी हस्तिदंताची बिजागरी बसविली. कल्पना धाडसी होती. पण ज्या क्षयाने सांधा खाल्ला होता, त्यानेच नव्या सांध्याचाही घात केला. पुढे साठ वर्षे हा विचार जवळजवळ निजूनच राहिला. १९५१ साली स्वीडनमध्ये वाल्डियसने अॅक्रिलिकची बिजागरी केली आणि नंतर ती धातूची झाली. १९५४ साली इंग्लंडात शियर्सने पोलादाची बिजागरी पुढे आणली. १९७० च्या सुमारास फ्रान्समध्ये ‘गेपार’ निघाली. वाकडे झालेले पाय सरळ झाले, खाटेवरची माणसे उभी राहिली. परंतु काही वर्षांत तेच रोगी पुन्हा लंगडत परत येऊ लागले.

असे का व्हावे? याचे उत्तर आपल्या घराच्या दारातच आहे. दार वाऱ्याने धाडकन आपटत राहिले की बिजागरी सहसा मोडत नाही. चौकटीतले तिचे स्क्रू ढिले होतात. गुडघ्याचेही तेच झाले. निसर्गाचा गुडघा नुसता मिटत-उघडत नाही. पाय सरळ होताना नडगीचे हाड किंचित बाहेर वळते आणि मगच सांधा ताठ बसतो. जुन्या बिजागरीला हे वळणे ठाऊक नव्हते. पावलागणिक बसणारा पीळ ती थेट हाडाला देई. मग हाडातला खुंट सैल होई. त्यात जंतुसंसर्ग झाला की पाय वाचविण्याचाच प्रश्न उभा राही.

१९७० नंतरच्या दशकात शल्यविशारदांनी वाट बदलली. हाडांच्या टोकांना धातूची टोपणे घालावयाची, मध्ये प्लॅस्टिक ठेवावयाचे आणि सांधा धरून ठेवण्याचे काम रोग्याच्या स्वतःच्या अस्थिबंधांवर सोपवावयाचे. नेहमीच्या शस्त्रक्रियेतून बिजागरी बाजूला पडली. आपल्या पुण्यात १९६५ साली संस्था उभारणाऱ्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय रोग्यांसाठी घडविलेला ‘इंडस’ गुडघा याच वाटेवरचा आहे.

पण ज्याचे अस्थिबंधच उरले नाहीत, त्याने काय करावे? गाठीसाठी हाडाचा तुकडा काढावा लागला, बसविलेला सांधा एकदा-दोनदा निखळला, किंवा वर्षानुवर्षे उपचाराविना पाय धनुष्यासारखा वाकला, तर टोपणांनी भागत नाही. त्यांच्यासाठी त्याच दशकाच्या उत्तरार्धात बिजागरी पुन्हा आली, पण शहाणी होऊन: आता ती मिटते आणि थोडी फिरतेही. तरीही ती सर्व दोषांतून मुक्त झाली, असे मात्र नव्हे. दहा वर्षांनंतर कोठे शंभरातले निम्म्याहून थोडे अधिक गुडघे टिकलेले आढळतात, कोठे नव्वदांपर्यंत. रोगी किती बिकट अवस्थेत आला, यावर हा फरक पुष्कळसा अवलंबून असतो. जंतुसंसर्ग आणि सैलपणा हे जुने वैरी अजून दारात उभेच आहेत.

खर्चाचा भाग वेगळाच. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किमती ठरविल्या: नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम संचाला ५४,७२० रुपये, तर पुनर्शस्त्रक्रियेच्या संचाला १,१३,९५० रुपये, कर वेगळा. म्हणजे बिघडल्यावर दुरुस्त करावयाचे मोल मुळातच दुप्पट धरले गेले.

या साऱ्या इतिहासातून मला एकच गोष्ट हाती लागते. बिजागरी हे शेवटचे शस्त्र आहे, आणि तिचे यश ती बसविण्याच्या आधीच्या वर्षांत बरेचसे ठरून जाते. आपल्या डोंगरी गावांतली म्हातारी ‘वयाचं दुखणं’ म्हणून तेल चोळीत दहा पावसाळे काढते, आवणी चुकवीत नाही, आणि अस्थिबंध पार सैल झाल्यावर मुलगा तिला नारायणगाव-मंचरच्या वाटेने पुण्याला नेतो. तोवर सोपा उपाय हातचा गेलेला असतो. मग बिजागरी तिला उभी करील, अंगणात चालवील. पण पुन्हा उकिडवे बसू देणार नाही. घरात खुर्ची, उंच चूल आणि उंच शौचकूप हवे, हे तिला शस्त्रक्रियेआधीच सांगितले पाहिजे.

वाल्डियसच्या रोग्यांना जे भोगावे लागले, त्याला निदान अज्ञानाची सबब होती. आज ते ज्ञान आहे. ते वेळेवर आवणीच्या बांधापर्यंत पोचावे, एवढेच आता उरले आहे.