सुपारीचे खांड आणि ‘निर्व्यसनी’ माणसाचा कर्करोग
१/ विडी नाही, सिगारेट नाही, दारूचा थेंबही नाही. तरीही तोंडाचा कर्करोग. असे का होते, या प्रश्नाचे एक उत्तर घरोघरीच्या पानाच्या डब्यात होते. ते निर्विवादपणे मान्य व्हायला मात्र अर्धे शतक लागले. त्या शोधाचा हा इतिहास. 🧵

२/ तंबाखू भारतात आली ती पोर्तुगिजांबरोबर. सुपारी त्याच्या कितीतरी आधीची. पूजेत ती गणपती म्हणून मांडली जाते, लग्न ठरले की ‘सुपारी फुटते’, जेवणानंतर पाहुण्यापुढे तबक येते. अशा मंगल वस्तूला व्यसन कोण म्हणणार?

३/ १९५२ मध्ये श्वार्ट्झ या संशोधकाने केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या एका विचित्र आजाराचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी तसेच रुग्ण नोंदवले आणि आजाराला नाव दिले : ‘सबम्यूकस फायब्रोसिस’.

४/ आरंभी तिखट सोसत नाही, तोंड पोळते. मग गालांची आतली त्वचा पांढुरकी व ताठ होते आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य कोलॅजन तंतूंची निर्मिती वाढवते. तिच्यातील तांबे ते तंतू अधिक घट्ट बांधते. सुपारी सोडली तरी ही गाठ सहसा सुटत नाही.

५/ १९५६ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. पेमास्टर यांनी धोक्याची सूचना दिली : हा आजार कर्करोगाची पूर्वावस्था असू शकतो.

६/ मग अडले कुठे? भारतात पान खाणारे बहुतेक जण त्यात तंबाखूही घालत. डॉ. खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये तंबाखूचा धोका मांडला होता. एकाच विड्यात दोघे आरोपी. सुपारीचा गुन्हा वेगळा सिद्ध कसा करायचा? १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विड्याला दोषी ठरवले. तंबाखूविरहित विड्याबाबत मात्र पुरावा अपुरा मानला.

७/ निर्णायक साक्ष आली तैवानमधून. तेथे सुपारी चघळतात ती तंबाखूशिवाय. तेथील अभ्यासांत धूम्रपान व मद्यपान यांचा परिणाम वेगळा काढूनही सुपारीचा धोका शिल्लक राहिला.

८/ त्याच संस्थेच्या २००४ च्या ग्रंथात निकाल बदलला : तंबाखूविरहित विडाही कर्करोगकारक, आणि स्वतः सुपारीही. वर्ग तोच, ज्यात तंबाखू आहे.

९/ दरम्यान सुपारी तबकातून पुडीत शिरली होती. पानाला बसावे लागे, लावावे लागे; पुडी शाळकरी मुलाच्या खिशात मावली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली.

१०/ सर्वच निर्व्यसनी रुग्णांचे कारण सुपारी नव्हे. घशाच्या काही कर्करोगांमागे एचपीव्ही हा विषाणू असतो. पण दवाखान्यात ‘काही व्यसन?’ या प्रश्नाला ‘काही नाही, फक्त सुपारी’ असे उत्तर आजही मिळते. त्या ‘फक्त’मागचा धोका सिद्ध करायला विज्ञानाला पन्नास वर्षे लागली, तो शब्द आपल्या बोलण्यातून अजून गेलेला नाही.